हॉलिवूडच्या पडद्यावरील कृष्णवर्णीय माणूस

अमेरिकेत चित्रपट जन्माला आला तेव्हा कृष्णवर्णीय माणसाचे सोंग आधीच तयार होते. १८३० च्या सुमारास टॉमस राइस या गोऱ्या नटाने जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, फाटक्या कपड्यांत लंगडत नाचणारा ‘जिम क्रो’ रंगमंचावर आणला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि त्यातून ‘मिन्स्ट्रेल शो’ नावाचा अख्खा धंदा उभा राहिला. आळशी, भित्रा, सदा हसरा, मालकावर जीव टाकणारा गुलाम हे या खेळांतले ठरलेले पात्र. पुढे दक्षिणेकडील राज्यांनी वर्णभेदाचे कायदे केले, तेही याच जिम क्रोच्या नावाने ओळखले गेले. १९०३ मध्ये एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ पडद्यावर आणले, तेव्हा त्यातला गुलाम टॉम झाला होता रंग फासलेला गोरा नट. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ने बोलपटाचे युग सुरू केले, त्यातही अल जोल्सन चेहरा काळा रंगवूनच गातो.

कृष्णवर्णीय माणूस अमेरिकी पडद्यावर दिसत नव्हता, असे म्हणता येत नाही. तो पहिल्या रिळापासून दिसतो आहे. त्याची गोष्ट कोणी रचली, तीत पैसा कोणी घातला, कात्री कोणाच्या हाती होती आणि ती कोणत्या प्रेक्षकाला डोळ्यांपुढे ठेवून सांगितली गेली, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. पडद्यावरच्या काळ्या चेहऱ्यांची संख्या शंभर वर्षांत पुष्कळ वाढली. गोष्टीवरचा हक्क मात्र फार सावकाश आणि फार झगडून मिळत गेला. या विषयाचा इतिहास मुख्यतः त्या हक्काचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’पासून करावी लागते. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा हा तीन तासांचा मूकपट टॉमस डिक्सन यांच्या ‘द क्लॅन्समन’ या कादंबरीवर बेतलेला होता. यादवी युद्धानंतर गुलाम मुक्त झाले, त्यांना मताधिकार मिळाला, काही जण कायदेमंडळात निवडून गेले. या काळाकडे चित्रपट एका भयंकर अनर्थाच्या दृष्टीने पाहतो. साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेचे दृश्य त्याचा नमुना आहे. कृष्णवर्णीय आमदार बाकावर अनवाणी पाय टाकून बसले आहेत, कोणी चोरून दारूचा घोट घेतो आहे, कोणी खाण्यात गुंग आहे. प्रत्यक्षात त्याच राज्यात कृष्णवर्णीय प्रतिनिधींच्या सहभागाने झालेल्या १८६८ च्या राज्यघटनेने सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली होती. ज्यांनी शाळा आणल्या त्यांना पडद्याने रानटी ठरवले, आणि कोट्यवधी प्रेक्षकांच्या मनात इतिहास म्हणून पडद्याचेच चित्र राहिले.

चित्रपटातील गस हा मुक्त गुलाम एका गोऱ्या मुलीच्या मागे लागतो आणि ती कड्यावरून उडी टाकून जीव देते. गसचे काम वॉल्टर लाँग या गोऱ्या नटाने केले आहे. मग पांढऱ्या झग्यांतले कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी टोळीचे घोडेस्वार गोऱ्या स्त्रियांच्या ‘रक्षणासाठी’ दौडत येतात. एकीकडे संकटात सापडलेले कुटुंब, दुसरीकडे धावत येणारे घोडे, आणि दोन्ही दृश्ये आलटून पालटून दाखवत वाढवलेला ताण ही ग्रिफिथ यांची संकलनकला आजही चित्रपटशाळांत शिकवली जाते. या चित्रपटाची खरी भीषणता इथे आहे. तो ओबडधोबड असता तर विसरला गेला असता. कलेच्या बळावर त्याने प्रेक्षकाला खुनी टोळीच्या बाजूने टाळ्या वाजवायला लावल्या.

व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी त्याचा खेळ झाला; विल्सन यांच्याच इतिहासग्रंथातील मजकूर चित्रपटाच्या पाट्यांवर होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने शहरोशहरी निदर्शने केली, बंदीची मागणी केली. ओहायोसारख्या काही राज्यांत बंदी आली, पण चित्रपटाचा गल्ला थांबला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम सिमन्स याने जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून, विझून गेलेली क्लॅन पुन्हा उभी केली आणि अटलांटात हा चित्रपट लागला तेव्हा वर्तमानपत्रांत त्याच्या जाहिरातीशेजारी क्लॅनची जाहिरात दिली. पुढे कित्येक दशके ही संघटना सदस्य भरतीसाठी हा चित्रपट दाखवत राहिली. पडद्यावरच्या चित्रणाने खऱ्या माणसांच्या जिवावर कसे बेतते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

याला उत्तर देणारे लोक तेव्हाही होते, आणि ते पुरेसे आठवले जात नाहीत ही खंत रास्त आहे. १९१६ मध्ये नोबल आणि जॉर्ज जॉन्सन या भावांनी ‘लिंकन मोशन पिक्चर कंपनी’ काढली. त्यानंतर आले ऑस्कर मिशो. १८८४ मध्ये इलिनॉयमध्ये जन्मलेला हा माणूस रेल्वेच्या पुलमन डब्यांत सेवकाचे काम करत होता, मग साउथ डकोटात जमीन घेऊन त्याने शेती केली, स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि घरोघरी फिरून विकल्या. त्यांतल्या ‘द होमस्टेडर’वर चित्रपट काढण्याची तयारी लिंकन कंपनीने दाखवली. दिग्दर्शन आपणच करणार, ही मिशो यांची अट होती. ती मान्य होईना, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांना शेअर विकून भांडवल उभे केले आणि १९१९ मध्ये चित्रपट स्वतः बनवला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

मिशो यांचा १९२० चा ‘विदिन अवर गेट्स’ म्हणजे ग्रिफिथ यांना दिलेले थेट उत्तर. सिल्व्हिया ही शिक्षिका कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवायला उत्तरेत जाते. शेवटाकडे तिचा भूतकाळ उलगडतो : खुनाचा खोटा आळ घेऊन गोऱ्या जमावाने तिच्या पालक आईबापांना फासावर लटकवले, आणि त्याच वेळी एक गोरा पुरुष तिच्यावर बलात्कार करू पाहत होता. ग्रिफिथ यांनी ज्या आलटून पालटून दाखवण्याच्या तंत्राने क्लॅनला तारणहार केले, त्याच तंत्राने मिशो जमावाची फाशी आणि स्त्रीवरचा हल्ला एकत्र गुंफतात. गोऱ्या स्त्रीला काळ्या पुरुषापासून धोका, ही हॉलिवूडची गोष्ट ते उलटी फिरवतात, आणि ती उलटी गोष्टच दक्षिणेच्या वास्तवाला धरून होती. आदल्या वर्षी शिकागोत वांशिक दंगल झालेली असल्याने तिथल्या परीक्षकांनी आधी परवानगी नाकारली आणि नंतर कापाकापी केली.

मिशो यांनी सुमारे चाळीस चित्रपट केले. थोर गायक-नट पॉल रोबसन पडद्यावर प्रथम दिसला तो त्यांच्याच १९२५ च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये. मोठ्या कंपन्यांच्या वितरणाची दारे बंद असल्याने ते प्रती मोटारीत घालून गावोगाव फिरत, कृष्णवर्णीयांसाठी असलेली चित्रपटगृहे गाठत. त्यांचे बहुतेक चित्रपट आज नष्ट झाले आहेत. ‘विदिन अवर गेट्स’ची एकच प्रत स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाखाली सापडली आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती दुरुस्त करून लोकांपुढे आणली. ग्रिफिथ यांचा चित्रपट मात्र कधी हरवला नव्हता. कोणती गोष्ट जपून ठेवायची हेही पैसा आणि प्रतिष्ठा ठरवतात.

बोलपटाच्या काळात कृष्णवर्णीयांना मुख्य प्रवाहात जागा मिळाली ती मोलकरीण, हमाल, दरवान आणि विदूषक म्हणून. अभ्यासक डोनाल्ड बोगल यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात हॉलिवूडचे पाच साचे दाखवून दिले : मालकनिष्ठ टॉम, हसवणारा कून, दोन वंशांमध्ये लोंबकळणारी दुर्दैवी मिश्रवर्णीय स्त्री, गोऱ्या घरातली मायाळू पण तोंडाळ दाई म्हणजे मॅमी, आणि आडदांड, कामांध बक. मिन्स्ट्रेल खेळांतला विदूषक आणि ग्रिफिथ यांचा गस या साच्यांत सहज बसतात.

साच्यांना नियमांचा आधारही मिळाला. १९३४ पासून सक्तीने लागू झालेल्या ‘हेज कोड’ या चित्रपट उद्योगाच्या आचारसंहितेने गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई केली, ती १९५६ पर्यंत टिकली. १९४९ च्या ‘पिंकी’मध्ये गोरी समजली जाणारी कृष्णवर्णीय मुलगी एका गोऱ्या डॉक्टरच्या प्रेमात आहे, ते काम जीन क्रेन या गोऱ्या नटीला दिले गेले. गायिका लीना हॉर्न एमजीएम कंपनीत होती, पण तिची गाणी मुख्य कथानकाला न चिकटवता चित्रित करत, म्हणजे दक्षिणेत प्रत पाठवताना ती सहज कापता यावीत. मेम्फिस शहराचे परीक्षक लॉइड बिनफर्ड यांनी १९४७ मध्ये ‘कर्ली’ या मुलांच्या चित्रपटावर बंदी घातली, कारण त्यात काळी-गोरी मुले एका वर्गात बसलेली दिसत होती. दक्षिणेतला बाजार गमावू नये म्हणून सबंध देशासाठी बनणारा चित्रपट दक्षिणेच्या मर्जीप्रमाणे बेतला जाई.

हॅटी मॅकडॅनियल यांचे आयुष्य या काळाचे सारे ताण एकत्र दाखवते. गुलामगिरी भोगलेल्या आईबापांची ही मुलगी ‘गॉन विथ द विंड’मध्ये मॅमी झाली. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात चित्रपटाचा थाटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा जॉर्जियातील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना तिथे जाता आले नाही. २९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. ज्या हॉटेलात समारंभ होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्माते सेल्झनिक यांनी शब्द टाकून परवानगी मिळवली आणि मॅकडॅनियल यांना सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवले गेले. १९५२ मध्ये त्या वारल्या. हॉलिवूड स्मशानभूमीत दफन व्हावे ही त्यांची इच्छा होती. तीही वर्णामुळे नाकारली गेली.

‘एनएएसीपी’ने अशा भूमिकांवर सतत टीका केली, आणि ती योग्य होती. पण कलाकारांना दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. मॅकडॅनियल यांची मॅमी नायिका स्कार्लेटला डोळ्यांनी तोलते, फटकारते, घरातले सत्य तिला सर्वांआधी कळते. लिहिलेल्या पात्रात नसलेली अक्कल आणि मान अभिनेत्रीने त्यात घातला. पात्राला स्वतःचे घर, मुलेबाळे, इच्छा काही नाही, हा दोष पटकथेचा. दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडावे लागले. ‘घोस्ट’साठी ते हूपी गोल्डबर्ग यांना मिळाले.

१९५० नंतर सिडनी पॉइटिए यांच्या रूपाने पडद्यावर नवा माणूस आला. सुशिक्षित, संयमी, देखणा, ताठ मानेचा. १९६४ च्या समारंभात ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर असताना त्यांनी एकही विदूषकी भूमिका केली नाही, याचे मोल फार मोठे आहे. तरी त्यांच्या चित्रपटांतला पेचही तितकाच खरा. ‘द डिफायंट वन्स’मध्ये एकाच बेडीत अडकवलेले काळा आणि गोरा कैदी पळतात, आणि शेवटी पॉइटिए धावत्या आगगाडीतून गोऱ्या सोबत्यासाठी उडी टाकतो. हार्लेममधले कृष्णवर्णीय प्रेक्षक या दृश्याला ‘परत गाडीत चढ’ म्हणून ओरडत होते, असे लेखक जेम्स बॉल्डविन यांनी नोंदवले आहे. त्या उडीने दिलासा मिळत होता तो गोऱ्या प्रेक्षकाला.

१९६७ मध्ये हा पेच शिगेला पोहोचला. व्हर्जिनियातील लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये आंतरवंशीय विवाहावरची बंदी रद्द केली आणि डिसेंबरात ‘गेस हूज कमिंग टु डिनर’ झळकला. त्यातला पॉइटिए यांनी रंगवलेला होणारा जावई जगद्विख्यात डॉक्टर आहे, निष्कलंक आहे, मुलीच्या गोऱ्या आईवडिलांची संमती नसेल तर लग्न करणार नाही असेही तो सांगतो. गोऱ्या घरात प्रवेश मिळवायला कृष्णवर्णीय पुरुषाला किती निर्दोष असावे लागते, हे त्या पात्राकडे पाहून कळते. त्याच वर्षीच्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये मात्र एक क्षण आहे ज्याने पडदा हादरला. मिसिसिपीतील कापसाचा बडा जमीनदार पॉइटिए यांनी साकारलेल्या पोलिस अधिकारी टिब्जच्या थोबाडीत मारतो आणि टिब्ज तत्क्षणी उलटी थप्पड लगावतो. तोवरच्या मोठ्या चित्रपटांतल्या कृष्णवर्णीय नायकाने हात असा उगारलेला नव्हता. कथा मिसिसिपीत घडते, पण चित्रीकरण मुख्यतः इलिनॉयमधील स्पार्टा गावात झाले, कारण मिसिसिपीत पाऊल ठेवणे पॉइटिए यांना सुरक्षित वाटत नव्हते.

सत्तरीच्या सुरुवातीला मेल्विन व्हॅन पीबल्स यांचा ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग’ आणि गॉर्डन पार्क्स यांचा ‘शाफ्ट’ हे १९७१ चे चित्रपट तुफान चालले. कृष्णवर्णीय प्रेक्षक शहरांतली चित्रपटगृहे भरतो, हे अडचणीत आलेल्या कंपन्यांच्या ध्यानात आले आणि ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ची लाट उसळली. पॅम ग्रीअरसारखी नायिका तिने दिली, पण गुंड, दलाल, अमली पदार्थांचे विक्रेते हेच तिचे ठरीव नायक झाले. नफा बहुतांशी गोऱ्या मालकांकडे गेला आणि काही वर्षांत लाट ओसरली.

त्याच काळात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स बर्नेट, हाइले गेरिमा, ज्युली डॅश हे विद्यार्थी वेगळा चित्रपट घडवत होते. बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ त्याच शहरातल्या वॉट्स वस्तीत राहणाऱ्या आणि कत्तलखान्यात काम करणाऱ्या स्टॅनची कथा सांगतो. दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात बनलेल्या या चित्रपटात गुंड नायक नाही, दंगल नाही, गोरा तारणहार नाही. थकलेला बाप, छपरांवरून उड्या मारणारी पोरे, अंधारात एका गाण्यावर नाचणारे नवराबायको आहेत. कृष्णवर्णीय माणसाचे साधे जगणे इतक्या प्रेमाने दाखवणारे चित्रपट अमेरिकेत विरळा. १९७८ मध्ये तो दाखवला गेला, पण गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरता न आल्याने चित्रपटगृहांत रीतसर लागायला २००७ साल उजाडले. ज्युली डॅश यांचा १९९१ चा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ हा देशभर प्रदर्शित झालेला आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. चित्रपटाच्या जन्मानंतर तब्बल पंच्याण्णवहून अधिक वर्षांनी तो आला.

१९८९ मध्ये दोन चित्रपटांनी दोन वाटा दाखवल्या. स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’मध्ये ब्रुकलिनमधल्या एका गल्लीतल्या उकाड्याच्या दिवसाचा शेवट पोलिसाच्या काठीच्या फासाखाली रेडिओ रहीम या तरुणाच्या मृत्यूने होतो. हा चित्रपट पाहून कृष्णवर्णीय तरुण दंगली करतील, अशी भीती काही समीक्षकांनी छापून आणली. दंगल कुठेच झाली नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर पोलिसाने गळा आवळल्याने गुदमरून मेला, तेव्हा मात्र लोकांना रहीम आठवला. दुसरा चित्रपट ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ : एक वृद्ध गोरी बाई आणि तिचा सहनशील कृष्णवर्णीय चालक. सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. ली यांच्या चित्रपटाला त्या विभागात नामांकनही नव्हते. कालांतराने निकाल उलटला आहे. आज चर्चा होते ती ‘डू द राइट थिंग’ची.

मिस डेझीची वाट आधीच मळलेली होती आणि पुढे ती रुंद होत गेली. ‘मिसिसिपी बर्निंग’ने १९६४ च्या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या खुनांची कथा घेतली आणि नायक केले एफबीआयच्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांना. वास्तवात तीच एफबीआय मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पाळत ठेवत होती. नायक गोरे असल्यावाचून त्या काळी हा चित्रपट बनलाच नसता, असे दिग्दर्शक ॲलन पार्कर यांनी उघड सांगितले होते. ते विधान प्रामाणिक आहे आणि म्हणूनच विदारक आहे. ‘हिडन फिगर्स’मध्ये नासातील गोरा विभागप्रमुख कृष्णवर्णीय स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची पाटी पाडून टाकतो. हा प्रसंग काल्पनिक आहे. गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता सरळ जवळचे स्वच्छतागृह वापरत होत्या. त्यांचे धैर्य काढून ते गोऱ्या साहेबाला बहाल केले गेले. २०१८ च्या ‘ग्रीन बुक’मध्ये पियानोवादक डॉन शर्ली यांची कथा त्यांच्या गोऱ्या चालकाच्या मुलाने सहलेखक म्हणून लिहिली, आपल्याला विचारलेही नाही, अशी तक्रार शर्ली यांच्या नातलगांनी केली. सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर याही चित्रपटाला मिळाले.

गोष्ट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न एव्हा ड्युव्हर्ने यांच्या २०१४ च्या ‘सेल्मा’मध्ये अगदी शब्दशः उभा राहिला. किंग यांच्या भाषणांचे चित्रपटासाठीचे हक्क आधीच दुसऱ्या कंपनीला दिलेले होते. किंग यांच्यावरच्या चित्रपटात किंग यांचे शब्द वापरता येत नाहीत, म्हणून ड्युव्हर्ने यांनी त्यांच्या लयीत नवी भाषणे रचली. मूळ पटकथेत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना बरेच मध्यवर्ती स्थान होते. तिचा गुरुत्वमध्य ड्युव्हर्ने यांनी सेल्मा गावातल्या कार्यकर्त्यांकडे, विशेषतः स्त्रियांकडे सरकवला. जॉन्सन यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी इतिहासाचा विपर्यास म्हणून गदारोळ केला. याउलट ‘मिसिसिपी बर्निंग’च्या वेळी एफबीआयला मिळालेल्या शौर्याबद्दल आक्षेप प्रामुख्याने कृष्णवर्णीयांनाच घ्यावे लागले होते.

भेदभाव कथेपुरता नव्हता. तो फिल्मच्या रसायनात आणि प्रकाशयोजनेतही होता. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंगांचा मेळ तपासायला कोडॅक एक नमुनाचित्र पुरवत असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या चित्रात गोरी स्त्री असे. तिची कांती बरोबर उमटली की रंग बरोबर. याचा परिणाम असा की काळसर त्वचेतले बारकावे फिल्मवर उमटत नसत; एकाच चौकटीत दोघे असले तर गोरा चेहरा उजळ आणि काळ्या माणसाचे फक्त डोळे आणि दात. सत्तरीत झाँ-ल्यूक गोदार यांनी मोझांबिकमध्ये कोडॅकची फिल्म वापरायला नकार दिला, तो याच कारणासाठी. फिल्ममध्ये सुधारणा झाली त्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातीत नीट उमटत नव्हत्या. कोट्यवधी माणसांच्या चेहऱ्यांना जे लाभले नाही, ते लाकडाला लाभले. हे वाचताना कोणाही विचारी माणसाला संताप यावा.

हे बदलले ते छायाचित्रकारांमुळे. स्पाइक ली यांचे सहकारी अर्नेस्ट डिकरसन, ‘सेल्मा’चे ब्रॅडफर्ड यंग यांनी काळ्या त्वचेसाठी प्रकाश कसा टाकावा याचे शास्त्रच घडवले. ‘मूनलाइट’मध्ये बॅरी जेंकिन्स आणि छायाचित्रकार जेम्स लॅक्स्टन यांनी चेहऱ्यावर पावडरचा थर न देता कांतीची चमक राखली. त्या चित्रपटातल्या मुलाच्या चेहऱ्यावर निळा, तांबूस, सोनेरी असे कितीतरी प्रकाश खेळतात. हे सारे रंग त्या त्वचेत पहिल्यापासून होते.

हॉलिवूडची चित्रे जगभर जात असल्याने त्यांचा परिणाम अमेरिकेपुरता राहत नाही. महाराष्ट्राचे कृष्णवर्णीयांशी नाते खरे तर वैचारिक. जोतीराव फुले यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून. पण ही पुस्तके आणि चळवळी ज्यांच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, त्यांना कृष्णवर्णीय माणूस भेटला तो टारझनच्या जंगलात किंवा हाणामारीच्या चित्रपटातला गुंड म्हणून. २००८ च्या ‘फॅशन’ या हिंदी चित्रपटात नायिकेच्या अधःपाताची परिसीमा दाखवायला ती एका कृष्णवर्णीय पुरुषाशेजारी जागी होते. त्याची ओळख करून देण्याचीही गरज भासलेली नाही. मीरा नायर यांच्या १९९१ च्या ‘मिसिसिपी मसाला’ने मात्र युगांडातून हाकलले गेलेले भारतीय कुटुंब आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्या निमित्ताने भारतीयांच्या मनातला वर्णद्वेष निर्भयपणे उघडा केला. तो आजही पाहायला हवा.

‘काळ्यांचे चित्रपट परदेशात चालत नाहीत’ हे हॉलिवूडमधले जुने गृहीतक. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’च्या इटलीतील पोस्टरवर नायक चुइटेल एजिओफोर बाजूला सारून ब्रॅड पिट मोठा छापला गेला, तो याच समजुतीपोटी. २०१८ च्या रायन कूग्लर यांच्या ‘ब्लॅक पँथर’ने जगभरात १३० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली आणि तिचा जवळपास निम्मा भाग अमेरिकेबाहेरून आला. त्यातल्या वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळाले; त्या त्या विभागांत विजयी होणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. चित्रपट कोणी घडवला, याचा प्रश्न या विभागांपर्यंत नेऊनच पाहायला हवा.

जॉर्डन पील यांच्या २०१७ च्या ‘गेट आउट’चे यश वेगळ्या जातीचे आहे. सुमारे ४५ लाख डॉलरांत बनलेल्या या भयपटात क्रिस हा छायाचित्रकार गोऱ्या प्रेयसीच्या आईवडिलांना भेटायला जातो. मंडळी सुसंस्कृत, उदारमतवादी, वर्णभेदाला विरोध करणारी. त्यांना क्रिसचे शरीर हवे आहे. शेवटी रक्तबंबाळ क्रिस सुटतो आणि समोर पोलिसांसारखे लाल-निळे दिवे चमकतात. चित्रपटगृहात श्वास रोखला जातो. कोणताही खल समोर नसताना, केवळ त्या दिव्यांनी गोऱ्या प्रेक्षकालाही भीती वाटते, कारण दीड तास तो क्रिसच्या डोळ्यांनी पाहत आलेला असतो. १९१५ मध्ये प्रेक्षकाच्या भीतीचे लक्ष्य काळा माणूस होता. पील यांनी तीच भीती काळ्या माणसाच्या बाजूने उभी केली, आणि मूळ पटकथेचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक ठरले.

२०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. समाजमाध्यमांवर एप्रिल रेन यांनी सुरू केलेल्या निषेधाने अकादमीला हलवले. सदस्यसंख्येत बदल झाले, आणि २०२४ च्या पुरस्कारांपासून सर्वोत्तम चित्रपटाच्या स्पर्धेसाठी पडद्यावरील व पडद्यामागील समावेशाचे निकष लागू झाले. निकष आवश्यक आहेत, पण त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. चार निकषांपैकी दोनच पाळायचे असल्याने पटकथा आणि दिग्दर्शन जुन्याच हातांत ठेवूनही ते पुरे करता येतात.

आकडे काय सांगतात ते पाहावे. हॅली बेरी यांना २००२ मध्ये प्रमुख अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. २०२५ पर्यंत दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ते मिळालेले नाही. दिग्दर्शनासाठी तोवर सहा कृष्णवर्णीय पुरुषांना नामांकन मिळाले : जॉन सिंगलटन, ली डॅनियल्स, स्टीव्ह मॅक्वीन, बॅरी जेंकिन्स, जॉर्डन पील आणि स्पाइक ली. ९७ समारंभांत जिंकला एकही नाही, आणि कृष्णवर्णीय स्त्री दिग्दर्शकाला तर नामांकनही नाही. पुरस्कारांपेक्षा दूरगामी ठरेल असे एक पाऊल मात्र करारात पडले आहे. १९३२ च्या मिसिसिपीतील ब्लूज संगीतावर उभा असलेला ‘सिनर्स’ कूग्लर यांनी २०२५ मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी बनवला, तो अंतिम संकलनाचा अधिकार स्वतःकडे ठेवून. आणि करारानुसार २५ वर्षांनी त्या चित्रपटाची मालकी कंपनीकडून त्यांच्याकडे येणार आहे.